या खांबापासून त्या खांबापर्यंत

जळगाव,
१९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप नानांना,
मोहिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्हाला फोन लावून लावून थकले. दर वेळी तुम्ही उचलता, मी बोलत असतानाच हां हां, बरं बरं म्हणता आणि ठेवून देता. शेवटी काकूंनी निरोप धाडला की नानांना फोन मानवत नाही, काय ते कागदावर लिही. शाळा सुटल्यापासून मी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नका.

पितृपक्ष लागल्यामुळे आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांना सक्तीची सुट्टी आहे. तशी आता बाराही महिने सुट्टीच म्हणायची. हळदीला लोकांना डीजे लागतो, आणि माझ्यासारखीने गायचं ते पंगत बसेपर्यंतच्या मधल्या वेळात. गेल्या उन्हाळ्यात असोद्याच्या एका हळदीत मी जीव तोडून गात होते आणि समोर एक माणूस ऐकत नव्हतं. परतताना आमचे ढोलकीवाले मगनभाऊ म्हणाले की ऐकणारी माणसं आपण कधी तयारच केली नाहीत, मग ती येतील कुठून? ते बोलणं मला लागलं.

म्हणून मी, मगनभाऊ आणि कीबोर्डवाला हितेंद्र अशा तिघांनी त्याच असोद्यात दर रविवारी मुलांना शिकवायला घेतलं आहे. तिथल्या तानुबाईंनी त्यांचं पत्रे टाकलेलं अंगण दिलं. बाईंना मालक नाहीत. एकुलता एक मुलगा योगेंद्र, रावेरकडे केळीच्या गाड्या भरून देतो. तोही रविवारी मुलांमध्ये मांडी घालून बसतो, एवढा मोठा घोडा असून.

आता मुद्द्याचं. तुमच्या बंद झालेल्या बँडची वाद्यं माळ्यावर पडून आहेत. ती द्या. आणि वाद्यांबरोबर तुम्हीही या. तुमच्याशिवाय ती फुंकायला शिकवणार कोण?

काकूंना नमस्कार. लोभ असू द्या, थोडा राग आला तरी चालेल.
तुमची,
मोहिनी


धुळे,
२ ऑक्टोबर २०२४

चि. मोहिनीस,
लोटन नानाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुका मोजल्या नाहीत, पण होत्या.

ऑर्केस्ट्रात जाऊ नको, क्लॅरनेट शीक, असं मी तुला लहानपणी म्हणालो होतो. तेव्हा तू पळून काकूच्या पदराआड लपलीस. आता म्हाताऱ्याची आठवण झाली. असो. वाद्यं घेऊन जा. दोन ट्रम्पेट, एक बॅरिटोन, साईड ड्रम आणि मोठा ढोल. पितळ काळं पडलं आहे, मुलांकडून चिंच लावून घासून घे. ज्याने घासलं त्याला वाद्य जपावंसं वाटतं. माझं क्लॅरनेट मी देणार नाही. ते माझ्याबरोबर एसटीने येईल आणि माझ्याबरोबर परत जाईल.

एकाआड एक रविवारी मी येईन. पण आधी दोन गोष्टी ध्यानात घे. पहिली अशी की बँड मोठ्या ढोलावर चालतो. ढोल हा बँडचा पाय. ढोल थांबला की सगळ्यांनी थांबायचं, मास्तरानेसुद्धा. मी आयुष्यभर डोळे मिटून वाजवलं, ते पाठीमागच्या ढोलाच्या भरवशावर.

दुसरी गोष्ट तुमच्या संगीताच्या परीक्षेत विचारत नाहीत. गावात वाजवायला जाताना आधी गल्ल्या पायी फिरायच्या आणि कोणाच्या घरी दुःख झालं आहे ते विचारायचं. वर्ष सरलेलं नसेल तर त्या घरापुढून मुकं जायचं. अलीकडच्या विजेच्या खांबापाशी ढोल थांबतो आणि पलीकडच्या खांबापाशी पुन्हा उठतो. वाट बदलून दुसऱ्या गल्लीने जायचं नाही, त्याने त्या घराला आपण वाळीत टाकल्यासारखं वाटतं. त्यांच्याच दारावरून जायचं, वाद्यं खाली धरून. माझा बँड लोकांनी बोलावला तो माझ्या फुंकीसाठी नव्हे. हा माणूस आपल्या दारात चुकायचा नाही, हा भरवसा होता म्हणून.

तुझ्या शाळेत सूर नंतर शिकव. हे आधी.

तुझी काकू पुष्पा ठीक आहे, गुडघे बोलतात. पत्र लिहीत जा, फोन करू नकोस.
आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.
लोटन नाना


जळगाव,
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नानांना,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

काल तुम्ही एसटीत बसलात आणि मागे पोरांनी तुमची नक्कल सुरू केली. डोळे मिटून, मान मागे टाकून, काठी तोंडाला लावून. सगळ्यात चांगली नक्कल जीवरामभाऊंच्या मेघाने केली. जीवरामभाऊ म्हणजे तानुबाईंचे दीर, ते मिशीवाले. पोरीला वर्गात पाठवायला कुरकुरत होते, आता स्वतःच ओट्यावर येऊन बसतात.

योगेंद्रने तर मोठ्या ढोलाशी लग्नच लावलं आहे. त्याचा हात दणकट आहे आणि तो तुमच्या बरगडीत वाजतो, असं तुम्ही म्हणालात ना, ते त्याने गावभर सांगितलं. त्याचं खरं लग्नही ठरलं. मुलगी फैजपूरची. वैशाखात आखाजी झाली की बार उडवायचा. बाईंनी डीजेला साफ नाही सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं, ज्या अंगणात बँड शिकला त्या अंगणात बँडच वाजणार. आणि नवरदेव मांडवात येतानाची ती तुमची जुनी चाल तुम्हीच वाजवायची, हे त्यांनी तुमच्याकडून कबूल करून घेतलं आहे म्हणे. तुम्ही मान हलवलीत, आता सुटका नाही.

नाना, खरं सांगते, ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं काढली पण मला कोणी गावात चहाला थांबवलं नव्हतं. आता असोद्यात शिरले की चार घरांतून हाक येते. भरीत खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. आपलं कोणी आहे असं वाटतं.

काकूंच्या गुडघ्यांना तेल पाठवते आहे. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
मोहिनी


जळगाव,
२० मार्च २०२५

तीर्थरूप नानांना,
मोहिनीचा नमस्कार.

कसं लिहू कळत नाही. आपला योगेंद्र गेला. धुळवडीच्या सकाळी केळीने भरलेल्या टेम्पोबरोबर निघाला होता. फैजपूरच्या अलीकडे वळणावर टेम्पो उलटला. चालक वाचला. योगेंद्र मागे घडांवर बसला होता.

आम्ही तिघे दारावर जाऊन आलो. अंगणात आपली मुलं भिंतीला टेकून उभी होती आणि कोपऱ्यात मोठा ढोल चादरीखाली झाकलेला होता. बाई रडल्या नाहीत. आल्यागेल्याला पाणी दिलंत का, एवढंच विचारत होत्या. बायका त्यांना धरून रडायला लावत होत्या, तर त्या उलट त्यांच्याच पाठीवरून हात फिरवत होत्या. लग्नाच्या अक्षता आधीच रंगवून ठेवल्या होत्या, त्या जीवरामभाऊंनी कुठेतरी नेऊन टाकल्या.

सोमवारी अकराव्या दिवसाची गंधमुक्ती आहे. वर्ग बंद ठेवला आहे. तुम्ही याल ना? आशीर्वाद असू द्या, आत्ता त्यांचीच गरज आहे.
तुमची,
मोहिनी


धुळे,
१२ जुलै २०२५

चि. मोहिनीस,
आशीर्वाद.

तानुबाईने स्वतः सांगून वर्ग पुन्हा भरवला, रिकामं अंगण खायला उठतं म्हणाली, हे वाचलं. मोठी बाई आहे. असोद्याच्या लोकांना श्रावणातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला मुलांचा बँड हवा आहे हेही वाचलं. विसर्जनाची वाट तिच्याच दारावरून जाते, म्हणून तू घाबरलीस. घाबरू नकोस. तिच्या अलीकडच्या खांबापाशी थांबायचं, पलीकडच्या खांबापाशी उठायचं. मी पुढे असेन. नव्या बँडची पहिली मिरवणूक आहे, लोकांनी तेवढं पाहिलं तरी वर्ग उभा राहील.

ढोल मेघाला दिलास ते ठीक. हात हलका आहे. जोर लावायला सांग.

बाकी क्षेम. जपून राहा, हाच आमचा लोभ.
लोटन नाना

(याच पाकिटात दुसरा कागद)

मोहिनी बाळा,
काकूचा आशीर्वाद. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, त्यात हे सारते आहे. त्यांना कळू देऊ नकोस.

यांना ऐकू येत नाही. थोडं कमी येतं असं नाही, जवळजवळ नाहीच. जन्म ढोल-ट्रम्पेटांच्या मधे गेला, कानांनी किती सोसावं? फोन मानवत नाही तो यामुळे. कोणी काहीही बोललं की हसून मान हलवतात. मागे दूधवाल्याने म्हैस मेल्याचं सांगितलं तर हसून हो हो म्हणाले. तो बिचारा बघतच राहिला. मी डॉक्टरचं नाव काढलं की ताट सरकवतात.

मुलांना ते शिकवतात ते बोटं बघून आणि छातीत ढोल वाजतो त्यावर. योगेंद्रचा ढोल समजायचा असं एकदा बोलून गेले. या पोरीचा समजत नाही, तेही बोलले. त्यांना मिरवणुकीत पुढे ठेवू नकोस. तुझ्या शब्दाला ते मान देतात. काहीतरी निमित्त काढ.
काकू


जळगाव,
२२ जुलै २०२५

तीर्थरूप काकूंना,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या शेजारच्या गिरधर शिंप्यांच्या पत्त्यावर टाकते आहे, म्हणजे नानांच्या हाती पडायचं नाही.

तुमची चिठ्ठी वाचून खूप रडले. इतके महिने समोर बसून मला कळलं कसं नाही? पण काकू, आता त्यांना पुढून काढलं तर ते समजून जातील. पुन्हा क्लॅरनेटला हात लावणार नाहीत. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पुढे हवे आहेत. त्यांचं नाव फलकावर छापलं आहे. जळगावहून पेपरवाला फोटो काढायला येणार आहे. आजूबाजूच्या गावांतून वर्गासाठी बोलावणी येतील.

मगनभाऊ त्यांच्या कोपराला कोपर लावून चालतील. खांब आला की नानांचा हात दाबतील. बाकी कोणाला काही कळणार नाही. मी सगळं बघते, तुम्ही निश्चिंत राहा. माझ्यावर विश्वास ठेवा, एवढा लोभ करा.
तुमची,
मोहिनी


जळगाव,
६ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप काकूंना,
मोहिनीचा नमस्कार.

सोमवारी नाना घरी आल्यापासून बोलत नाहीत, असं गिरधरभाऊंनी फोनवर सांगितलं. काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं. पण यातली शेवटची गोष्ट नानांपर्यंत जाऊ देऊ नका.

सकाळी विसर्जनाला निघालो. मुलं तालात होती. बायका डोक्यावर कानबाई घेऊन पुढे आणि त्यांच्यामागे नाना. कानबाईची गाणी आपल्याकडे लग्नाच्याच थाटाची, म्हणून नानांनी वाजवता वाजवता ती नवरदेवाची चाल धरली. लोक खूश झाले. तेवढ्यात पेपरवाला म्हणाला की मास्तर एकटे पुढे आणि मागे मुलं असा फोटो हवा, शेजारच्या माणसाला बाजूला करा. मी मगनभाऊंना मागे बोलावलं, काकू. मीच बोलावलं. दोन मिनिटांचं काम, असं वाटलं.

फोटोच्या नादात खांब आला. मेघाने ढोल थांबवला, जसा शिकवला होता तसा. सगळ्या मुलांनी वाद्यं खाली घेतली. एकाचीही चूक झाली नाही. आणि नाना डोळे मिटून तसेच पुढे गेले. अख्खी गल्ली चूप आणि त्यात एकटं क्लॅरनेट नवरदेवाची चाल वाजवत तानुबाईंच्या दारापर्यंत गेलं. लोक ओरडले. मगनभाऊ धावले, पण बघायला जमलेल्या बायकांची गर्दी मधे होती.

बाई ओट्यावर आल्या. पाण्याचा तांब्या हातात होता आणि पदर डोक्यावरून नीट घेतला होता. नानांनी कोणीतरी समोर आलं म्हणून डोळे उघडले. बाईंनी त्यांना विचारलं, "नाना, नवरदेव आला का?"

आणि नानांनी हसून मान हलवली.

त्यांना वाटलं असेल की बाई चांगलं म्हणताहेत. मग मगनभाऊंनी त्यांच्या तोंडचं क्लॅरनेट काढून घेतलं तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, सगळी मुलं वाद्यं खाली धरून उभी. आपण एकटेच वाजवत आलो हे त्यांना तिथे कळलं. मान हलवल्याचं मात्र त्यांच्या ध्यानातही नाही.

त्या दिवसापासून बाई दार लावत नाहीत. उंबऱ्यात तांब्या भरून ठेवतात, आणि नानांनी सांगितलं आहे, येतोच आहे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतात. जीवरामभाऊंनी वाद्यं खोलीत कोंडून कुलूप घातलं. ते मला म्हणाले की तुम्ही शहरातले लोक आमच्या दारात फोटो काढायला आलात, झाला तुमचा फोटो. पेपरात फोटो आलाच. चांगला आला आहे.

काकू, तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. माझ्यावरचा लोभ आटला तर तुमची चूक नाही.
मोहिनी


धुळे,
२४ ऑगस्ट २०२५

चि. मोहिनीस,
आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली. दोन्हीत हवापाणी, काकूचे गुडघे आणि हितेंद्रचा नवा कीबोर्ड. एवढं गोड तू कधी लिहीत नाहीस. तुझी काकूही माझ्याकडे मरणघरातल्या माणसासारखं बघते.

मला ऐकू येत नाही हे आता सगळ्यांना माहीत झालं, तेव्हा लपवायचं काही उरलं नाही. दारात वाजवलं हा माझा गुन्हा आहे, तो मी जाणतो. पन्नास वर्षांत जे एकदाही केलं नाही ते त्या बाईच्या दारात केलं. लाज अशी आहे की चौकात जाऊन बसत नाही. पण याच्यापुढे काहीतरी झालं आहे. ती माझ्यासमोर उभी होती आणि तिचे ओठ हलले होते. काय बोलली ती?

मी बहिरा आहे, मूर्ख नाही. लिहिलं नाहीस तर एसटीत बसून जीवरामला विचारेन, आणि तो मला हाताच्या खुणांनी सांगेल. ते तुला चालेल का?
लोटन नाना


जळगाव,
२९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप नानांना,
मोहिनीचा नमस्कार.

त्यांनी तुम्हाला विचारलं की नवरदेव आला का. तुम्ही हसून हो म्हणालात. त्या अजून वाट बघत आहेत. दार रात्रंदिवस उघडं असतं.

मगनभाऊंना तुमच्या शेजारून मी काढलं होतं, फोटोसाठी. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला काकूंनी आधीच लिहिलं होतं. तरी तुम्हाला पुढे ठेवलं. गुन्ह्याची वाटणी करायची तर मोठा वाटा माझा आहे.

गावातल्या सगळ्यांनी त्यांना समजावून पाहिलं. डॉक्टरांकडेही नेलं. त्या सगळ्यांना एकच सांगतात, नाना खोटं बोलायचे नाहीत.

जळगावच्या डॉक्टरांकडे तुमच्या कानाच्या मशीनसाठी वेळ घेतली आहे. नाही म्हणू नका. दुसरं काही मागत नाही.
तुमची,
मोहिनी


धुळे,
८ नोव्हेंबर २०२५

चि. मोहिनीस,
नानाचे आशीर्वाद.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हातात नव्हतं. आता थोडं आहे.

तुझं ते पत्र वाचून झाल्यावर मी दोन दिवस पडून होतो. काकू म्हणाली की जीवरामला निरोप पाठवा, तोच काय ते बाईला सांगेल. मी म्हटलं, हो मी म्हणालो, तर नाहीही मलाच म्हणावं लागेल. दुसऱ्या कोणाचं ‘नाही’ ती घेणार नाही. मग आम्ही दोघे एसटीने गेलो. क्लॅरनेट घरी ठेवलं. ते नेलं नाही असा तो पहिलाच प्रवास.

तांब्या उंबऱ्यात होता. मला पाहून ती उठली आणि माझ्या पाठीमागे गल्लीत बघू लागली. मी ओट्यावर बसलो. काय बोलायचं ते वाटेत मनात घोटून ठेवलं होतं, त्यातलं काही आलं नाही. एवढंच म्हणालो, "ताई, मी भयरा शे. तू काय इचारं ते माले समजनं नही. योगू उना नही."

योगेंद्र आला नाही, हे ऐकून तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तांब्या उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. पण काकू दाराला कान लावून होती. तिने माझा हात दाबला आणि डोळ्यांवरून बोट खाली ओढून दाखवलं. मार्चपासून जे रडं निघालं नव्हतं ते निघालं होतं. काकू म्हणते, तसलं रडणं तिने कोणाचं ऐकलं नाही. मला काहीच ऐकू आलं नाही, मी ओट्यावर बसून होतो. संध्याकाळी जीवरामने आम्हाला पाणीही न विचारता थांब्यावर आणून सोडलं.

ती बरी झाली असं समजू नकोस. घरात दिवा लावते, जेवते, कोणाशी बोलत नाही. आधी निदान वाट बघण्याचं काम होतं, ते मी काढून घेतलं. हे बरोबर केलं की नाही ते मला ठाऊक नाही. कोणी विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. जाऊन ओट्यावर बसायचं, एसटीची वेळ झाली की उठायचं. तिसऱ्या खेपेला ती दारात येऊन बसली. चौथ्या खेपेला तिचे ओठ हलू लागले. बोलते, बोलत राहते, मधेच हातांनी काहीतरी दाखवते. एकदा दोन्ही हातांत मोठा ढोल धरल्यासारखं केलं. म्हणजे त्याच्याबद्दल असावं. गावातला माणूस आला की गप्प होते.

दिवाळीनंतर तू मला ते मशीन बसवून दिलंस. नळाचं पाणी, काकूचं पुटपुटणं, चौकातल्या रिक्षा, सगळं एकदम अंगावर आलं. मी मनात म्हटलं, आता तानुबाईचं ऐकेन, तेवढं तरी तिचं देणं फिटेल. गेल्या रविवारी कानात घालून गेलो. ती बोलायला लागली आणि तिचा आवाज मला प्रथमच ऐकू आला. पहिला शब्द योगू हाच होता. तेवढ्यात तिची नजर माझ्या कानावर गेली. ती थांबली. पदर तोंडाला लावून बसून राहिली. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की ती माझ्याशी बोलते ते मला ऐकू येत नाही म्हणूनच. ऐकणारी माणसं तिला गावभर आहेत. ती ऐकतात आणि समजूत घालतात.

मी मशीन काढलं आणि आमच्या दोघांच्या मधे ओट्यावर ठेवलं. थोड्या वेळाने तिचे ओठ पुन्हा हलले.

वर्गाबद्दल. जीवरामने कुलूप काढलं आहे. मुलं येऊ देत असं तिने खुणेने सांगितलं, पण मोठा ढोल काढायचा नाही. तो चादरीखालीच राहील. ढोलाशिवाय बँड म्हणजे पांगळा, पण चालव तसाच. मी शिकवायला येणार नाही, मगनला सांग. मेघाला मात्र माझं नाव घेऊन सांग की त्या दिवशी तिने ढोल बरोबर खांबापाशी थांबवला होता. पोरीच्या मनात दुसरं काही राहायला नको. आणि फोटोचं तू मनाला लावून घेतलं आहेस तर घे, मी तुला ते काढून टाक म्हणणार नाही. पण वर्ग सोडू नकोस. कोणाच्या घरी दुःख आहे ते आता तुला पाठ झालं आहे.

उद्याच्या रविवारी मी जाणार आहे. मशीन घरीच ठेवणार. ती काय सांगते ते मला कळत नाही, विचारते की शिव्या देते तेही कळत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो आणि मान हलू देत नाही.

लिहीत जा. तुझं ऐकायला मला मशीन लागत नाही.
लोटन नाना